चौथा हिस्सा उरेपर्यंत

भिवपुरीला थंडी पडते असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला ते खरं वाटत नाही. पण वीजघराची क्वार्टर्स डोंगराच्या अगदी पायथ्याला होती. डोंगर पूर्वेला, त्यामुळे ऊन अंगणात यायला उशीर व्हायचा, आणि दिवस मावळला की घाटावरचा गार वारा उतरून आमच्या खिडक्यांशी येऊन बसायचा. वीजघराच्या दारात एक उष्णतामापक टांगलेला होता. पौषात पहाटे त्याच्यावर फॅरनहाइटचे चोपन्न-पंचावन्न अंश दिसायचे. एरवी घामाची सवय असलेल्या माणसाला हा आकडा पुरेसा आहे.

वीजघरात माझं काम पाण्याची पातळी आणि डोंगरावरून उतरणाऱ्या मोठ्या नळातला दाब ठरलेल्या वेळी वाचून टिपण्याचं होतं. मला ते आवडायचं. काटा जिथे असेल तिथे आहे म्हणायचं, त्यात मनाचं काही घालायचं नाही. बायको आणि मुलं पुण्याला तिच्या भावाकडे होती, कारण मुलांची इयत्ता आमच्याकडच्या शाळेपेक्षा पुढे गेली होती. दोन खोल्यांत मी एकटा राहायचो, स्वयंपाक हाताने करायचो. लढाईचे दिवस होते, रॉकेल मोजकं मिळायचं, म्हणून संध्याकाळी फार वेळ कंदील जाळायची सोय नव्हती. जेवण झालं की अंथरूण.

त्या वर्षी श्रावणात माझी आई गेली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते खालापूर तालुक्यात, लोधिवलीच्या अलीकडे आमच्या गावात राहायचे. मराठी शाळेवर मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवणं बरं दिसेना, म्हणून दिवाळीनंतर मी त्यांना भिवपुरीला घेऊन आलो. ते आले, पण बोलेनात. आधीही ते फार बोलके नव्हते, पण पूर्वी आई मध्ये असायची. ती दोघांच्या वाटचं बोलायची. आता आम्ही दोघे समोरासमोर पाटावर बसून आमटीभात खायचो आणि वाटी सरकवण्यापुरतं बोलायचो.

"मीठ?"

"ठीक आहे."

संपलं.

मार्गशीर्षात त्यांच्या पाठीत थंडी भरू लागली. दोन घोंगड्या घातल्या, उशाला गरम विटा ठेवल्या. रात्रभर ते खोकत कुशी बदलायचे. एका सकाळी त्यांनी आपली पिशवी भरून दाराशी ठेवलेली मला दिसली.

"मी घरी जातो," ते म्हणाले. "इथली थंडी मला सोसत नाही. आपल्या घराच्या भिंती जाड आहेत."

घर म्हणजे आईशिवायचं बंद घर. तिथे चूल पेटवायलाही कुणी नव्हतं. मी त्यांना कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा हिवाळा यांनी एकट्याने काढू नये. मग अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "झोपण्यापूर्वी गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी घ्यायची. ऊब राहील, झोप लागेल."

ब्रँडी कर्जतला नव्हती. मुंबईहून येणारा माल लढाईमुळे बंद होता. डॉक्टर म्हणाले, "मग मोहाची घ्या. औषधच आहे, त्यात कमीपणा काय?"

आमच्या घराण्यात दारूचा थेंब आला नव्हता. अण्णा तर शाळेत मुलांना दारूच्या दुष्परिणामांवर निबंध घालायचे. घरी आल्यावर पाय धुऊन चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "दारू मी घेणार नाही. काढा घेईन."

"अण्णा, काढा कशाचा?"

"त्याचाच. पण काढ्याची रीत असते. ती पाळली की तो काढा."

आमच्या घरी काढे आई करायची, पण माप अण्णांचं. कुठलीही वनस्पती असो, पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं आणि चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. तीन हिस्से गेल्याशिवाय औषधाचा गुण उतरत नाही, असं ते सांगत. लहानपणी आम्ही अडुळसा, गुळवेल, काडेचिराईत सगळं याच हिशेबाने प्यायलो होतो. अण्णांची ही रीत मला इतकी पाठ होती की तिच्याविषयी शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. पाण्याच्या दाबाचा आकडा वाचणारा माणूस मी, पण उकळत्या भांड्यातून आधी काय निघून जातं हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कर्जतला मोहाच्या दारूच्या गुत्त्यावर गेलो. दुकान सरकारी परवान्याचं होतं, एक म्हातारे पारशी शेठ ते चालवायचे. कुणी ओळखीचं दिसलं तर दाखवायला मी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली होती. ती मी शेठजींपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि बाकावर बसलेल्या दोघांना दाखवली. "हे बघा. पहिला गिऱ्हाईक, जो चिठ्ठी घेऊन आला. अरे बाबा, इथं काय पोस्ट हाय?"

बाकावरचा एकजण म्हणाला, "शेठ, मलाबी लिहून द्या ना एक. बायकोला दाखवीन."

सगळे हसले. मी बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि तिथून निघालो.

संध्याकाळी अण्णांनी स्वतः माप घातलं. पावशेर दारू, पावशेर पाणी, म्हणजे अर्धा शेर. त्यात ठेचलेलं आलं, मिरी आणि गुळाचा खडा. आटून त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे नवटाक, उरायला हवं. पितळेचं पातेलं चुलीवर चढलं. थोड्या वेळाने वाफ निघू लागली आणि एकदम पातेल्याच्या काठावरून निळी ज्योत सरसरत गेली. मी मागे सरकलो. अण्णा हलले नाहीत.

"झाकण," ते म्हणाले. "आणि लाकडं ओढ मागे."

झाकण ठेवल्यावर ज्योत विझली. मग आम्ही निखाऱ्यांवरच ते शिजू दिलं, झाकण बोटभर कलतं ठेवून. थंडीसाठी खिडक्या लावलेल्या होत्या. खोलीत मोहाचा तो गोडसर, जुन्या पोत्यासारखा वास भरला. पातेल्याला अण्णांनी आतून चमच्याच्या दांड्याने चौथ्या हिश्श्याची खूण ओरखडून ठेवली होती. तिथवर यायला तासभर लागला.

मी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तूही घे."

"मला काय झालंय?"

"एकट्यानं घेतली की तिला दारू म्हणतात. दोघांनी घेतला की काढा."

मी माझ्यासाठी वाटी आणली. नवटाकातलं अर्धं त्यांना, अर्धं मला. चव तिखट, गोड आणि आंबूस. घसा भाजत उतरलं. अण्णा म्हणाले, "पाठीत ऊब आली." मलाही आली. त्या रात्री ते कमी खोकले. सकाळी पिशवी दाराशी नव्हती, खुंटीला होती.

मग रोज हेच सुरू झालं. मी कामावरून येताना ठाकरवाडीच्या बायकांकडून लाकडांची मोळी घ्यायचो. जेवण आटोपलं की पातेलं चढायचं. आणि तो तासभर दुसरं काहीच करण्यासारखं नसायचं. कंदील लावायचा नाही, निखाऱ्याचा उजेड पुरे. झाकणावर नजर ठेवायची, ज्योत धरू द्यायची नाही. अशा बसण्यात अण्णा बोलू लागले.

पहिल्यांदा शाळेचं बोलले. मग गावचं. मग हळूहळू आईचं. हिवाळ्यात सकाळच्या शाळेला जाताना ती त्यांचा सदरा चुलीच्या वैलावर धरून गरम करून द्यायची आणि एकदा त्याची बाही जाळली होती. तोच सदरा घालून, बाही दुमडून ते शाळेत गेले होते. इन्स्पेक्टर आले होते त्या दिवशी. "मी हात वर करून फळ्यावर लिहीना, म्हणून त्यांना वाटलं मास्तरांना गणित येत नाही," ते म्हणाले आणि हसले. आई गेल्यापासून त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

ते पातेल्याकडे बघत बोलायचे, माझ्याकडे नाही. मीही निखारे सारत ऐकायचो. मध्येच ते काडीने पातळी मोजायचे. "अजून आहे," असं म्हणायचे आणि पुढे बोलायचे. खूण आली की गोष्ट जिथे असेल तिथे थांबायची. आम्ही आपापलं प्यायचो आणि झोपायचो. माझी चाळिशी उलटून गेली होती, पण माझ्या आईवडिलांविषयी जे मला ठाऊक झालं ते त्या हिवाळ्यात.

एका संध्याकाळी त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची गोष्ट काढली. आजी कडक होती. काहीतरी ताकावरून बोलणं झालं आणि आई नेसत्या लुगड्यानिशी माहेरी निघाली, पनवेलच्या बाजूला, पायी. शाळा सुटल्यावर अण्णांना कळलं. ते मागे निघाले. चौक गाव ओलांडल्यावर ती त्यांना पुढे चालताना दिसली.

"हाक मारायची सोय नव्हती," अण्णा म्हणाले. "बायकोला रस्त्यात हाक मारायची म्हणजे काय. मी आपला मागे चालत राहिलो. तिला कळलं होतं, मागे मी आहे ते. तिनं वळून पाहिलं नाही, पण चाल मंद केली. मीही केली. अंतर तेवढंच."

"मग?"

"सडक सोडून ती खालच्या वाटेनं वळली. लोधिवलीच्या ओढ्याला पाणी होतं, गुडघाभर. ती काठाशी थांबली. तेव्हा ती वळली आणि माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली. घरात तोवर आम्ही बोललोच नव्हतो, सगळ्यांसमोर कुठे बोलणार. ती म्हणाली..."

त्यांनी काडी पातेल्यात घातली. "आलं. उतरव, नाहीतर करपेल."

"काय म्हणाली?"

"उद्या. हे निवतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी पाळी लांबली, मी पोचलो तोवर अण्णांनी एकट्यानेच काढा आटवत आणला होता. तेवढ्यात आमचा शेजारी आला. तो कळंबचा, शेतकऱ्याचा मुलगा, वीजघरात वायरमन होता. खांबावर चढण्यात पटाईत आणि रविवारी गुत्त्यावर हटकून जाणारा. भिंतीपलीकडून त्याला रोज वास येत असणार. तो दारात उभा राहिला आणि नाक वर करून म्हणाला, "भाऊसाहेब, किती दिस हा वास घेऊन झोपतोय मी. आज इचारायलाच आलो. शेजाऱ्याला एक घोट बी नाय का द्यायचा?"

मी म्हटलं, "औषध आहे ते. अण्णांसाठी."

"मग मलाबी आजारी समजा."

अण्णा म्हणाले, "दे त्याला." पातेलं नुकतंच उतरवलं होतं. मी माझ्या वाटीतलं त्याला दिलं. त्याने अदबीने अण्णांकडे पाठ करून ते तोंडात घेतलं. गिळलं. वाटीत पाहिलं. मग पातेल्यात पाहिलं.

"आलं झकास हाय," तो म्हणाला. "मिरी बी हाय. आनि दारू कुठाय?"

"तीच तर आटवलीय. पावशेर."

"आटवली?" तो दारातच खाली बसला. हसण्याने त्याला बोलता येईना. "भाऊसाहेब, ती काय गुळवेल हाय? ती आदी जाते, पानी मागं ऱ्हातं. भट्टीवर दुसरं काय करतात? वाफच तर धरतात. तुमी वाफ सोडून दिली नि गाळ पेलात. तुमी कोरडे, नि ह्या घराच्या भिंती रोज टाइट."

अण्णा अंथरुणावर जाऊन पडले होते, शेवटचं बोलणं त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटलं. वायरमन गेला. मी पातेलं घासत बसलो. तो म्हणाला ते खरं होतं, हे कळायला फार विचार लागला नाही. पहिल्या संध्याकाळची निळी ज्योत आठवली. जे जळत होतं तेच निघून जात होतं.

म्हणजे इतके दिवस अण्णा आल्याचं पाणी पीत होते. खोकला कमी झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध त्यांच्या पोटात गेलंच नव्हतं. पौष अजून सरायचा होता. मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, पण चुकीच्या जागी असलेला काटा बरोबर आहे असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. चौथ्या हिश्श्याचा हिशेब आपलाच, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. चुलीतली लाकडं सारखी करत म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले होते? दोन चमचे?"

"गरम पाण्यातून."

"मग तसंच दे."

मी पाणी तापवलं. पेल्यात दोन चमचे मोजून घातले, वरून पाणी, गुळाचा खडा. मी वाटी आणायला उठलो तर ते म्हणाले, "तुला कशाला? तुला काही झालेलं नाही. उगीच सवय नको." हेही बरोबरच होतं. त्यांनी नाक मुरडून पेला दोन घोटांत संपवला, पाणी प्यायले आणि आडवे झाले. चूल अजून पेटलेली होती. ते लगेच घोरू लागले.

त्या रात्री ते एकदाही खोकले नाहीत. मी जागा होतो म्हणून मला माहीत आहे.

त्यानंतर रोज तसंच. पाणी तापायला कितीसा वेळ लागतो. पेला रिकामा, घोंगडी अंगावर. दोन-तीन दिवसांनी मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ती ओढ्यावरची गोष्ट राहिली."

"कुठली?"

"आई काय म्हणाली ती."

त्यांनी कूस बदलली. "ते जुनं झालं. आली ना ती परत. त्यातच सगळं आलं."

मी एकदा असंही सुचवलं की आल्याचा काढा वेगळा करू, घशाला बरा. ते म्हणाले, "सरपण कशाला जाळतोस? आता मला बरं आहे." त्यांना खरंच बरं होतं. पाठ सरळ झाली, भूक वाढली. सकाळी ते नळाच्या बाजूने फिरून येऊ लागले. वायरमन त्यांना पाहून म्हणायचा, "बाबा, आता तुमालाबी खांबावर चढवतो." डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासून शाबासकी दिली. माघ संपता संपता वारा पडला, आंब्यांना मोहोर आला आणि एका सकाळी त्यांची पिशवी परत दाराशी दिसली.

"आता थंडी नाही," ते म्हणाले. "आणि मला बरं आहे. घर किती दिवस बंद ठेवायचं?"

राहा म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. मी त्यांना गावी पोचवून आलो. बाटलीत थोडी दारू शिल्लक होती. तीही बरोबर दिली, दोन चमचे असं पुन्हा बजावून. परतण्याआधी वाट वाकडी करून मी लोधिवलीला उतरलो आणि खालच्या वाटेने ओढ्यापर्यंत गेलो. पाणी आटत आलेलं होतं, मधले दगड कोरडे. काठावर एक बाई गोधडी आपटत होती. तिने मला विचारलं, "कुनाकडं जायचंय?" मी म्हटलं, कुणाकडे नाही. ती पुन्हा गोधडी आपटू लागली. आई कुठल्या काठाशी थांबली होती तेवढंही मला माहीत नव्हतं.

पुढचे हिवाळे अण्णा गावीच राहिले. बोलावलं तर म्हणायचे, "औषध आहे माझ्याकडे." मी गेलो की आम्ही जेवायचो, वाटी सरकवायचो. एका पावसाळ्यात, झोपेतच, ते गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं की त्रास झाला नाही. फळीवर ती बाटली होती, रिकामी, धुऊन पालथी ठेवलेली.

आता दारूबंदी आहे. कर्जतच्या गुत्त्याच्या जागी किराणा दुकान झालं. वायरमनची बदली झाली, तो कधी भेटलाच तर अजून "भिंती उतरल्या का?" म्हणून विचारतो. मुलगा नोकरीला लागला, मुलीचं लग्न झालं. बायको आता कधी इकडे असते, कधी तिकडे, पुण्याला सुनेपाशी. पौषात ती बहुतेक तिकडेच असते, कारण इथली थंडी तिला सोसत नाही.

तेव्हा मी पितळेचं पातेलं काढतो. अर्धा शेर पाणी, आलं, मिरी, गुळाचा खडा. आता ज्योत धरण्याची भीती नाही, तरी लाकडं मागे ओढून निखाऱ्यांवरच ठेवतो. झाकण कलतं ठेवतो, मधून मधून काडीने पातळी बघतो. चौथा हिस्सा यायला तासभर लागतो. नवटाक उरतं. एकट्याला ते जास्त होतं.